एकट्यानं फाटकाबाहेर: दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या स्वावलंबन प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाची चौकशी करायला घरची मंडळी येतात तेव्हा विद्यार्थी बहुधा शेजारीच बसलेला असतो आणि प्रश्न त्याच्या डोक्यावरून आम्हाला विचारले जातात. "याला जमेल का?" "हा एकटा राहील का?" आमच्याकडचा एखादा नवखा कर्मचारीही कधीकधी आईलाच विचारतो, "याला पाणी हवंय का?" प्रशिक्षणाची गरज कुणाकुणाला आहे, ते तिथेच कळतं. मी मोबिलिटी शिकवतो, म्हणजे काठी घेऊन एकट्यानं हिंडायला. त्यामुळे खालच्या उत्तरांत रस्त्याला जरा जास्त जागा मिळाली आहे, ते चालवून घ्या.

केंद्रात नेमकं शिकवतात तरी काय?

मोबिलिटी, ब्रेल, कॉम्प्युटर आणि फोन, घरकाम, आणि जिथे सोय असेल तिथे लाकूडकामासारखं हातकाम. लाकूडकाम ऐकून लोक दचकतात. पण खटक्यांची मोजपट्टी असली की इंचाचा सोळावा भागसुद्धा बोटांनी मोजता येतो, आणि करवतीचं पातं कुठे आहे हे तिच्या आवाजावरून आणि लाकडाच्या कडेवरून कळतं. शिवाय ज्या मुलाला घरी कधी कात्रीही हातात दिलेली नसते, त्यानं स्वतःच्या हातांनी स्टूल बनवलं की पुढच्या आठवड्यात तो रस्त्यावर वेगळा चालतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याला योगायोग म्हणवत नाही.

वयाची अट असते का?

लहान मुलांचे वर्ग शाळेला जोडून असतात. मुक्कामी अभ्यासक्रम बहुधा शाळा संपलेल्यांसाठी असतो आणि साधारण सहा ते नऊ महिने चालतो. चाळिशीत दृष्टी गेलेले लोकही येतात. त्यांना काठीची लाज जास्त वाटते, पण नकाशा त्यांच्या डोक्यात आधीपासून असतो. जन्मांधांचं नेमकं उलट.

आमच्या मुलीला थोडं दिसतं. मग तिच्या डोळ्यांवर पट्टी का बांधता?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अंध म्हटल्या जाणाऱ्या लोकांपैकी बहुतेकांना काही ना काही दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असली की अंधत्व धरतात. म्हणजे इतरांना ६० मीटरवरून जे दिसतं ते या व्यक्तीला ३ मीटरवरूनही दिसत नाही. पण प्रकाश, सावली, एखादा रंग, दाराची चौकट असं काहीबाही दिसत असतं. आणि हे 'काहीबाही' भरवशाचं नसतं. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या आजारात आधी रात्रीचं दिसणं जातं आणि मग कडा आत आत येतात. समोरची पाटी वाचणारा माणूस पायाशी पडलेल्या बादलीवर आदळतो. दुपारच्या उन्हात एक नजर, संध्याकाळी दुसरी, ढग आले की तिसरी.

अशी मुलगी काठी हातात घेते, पण चालते डोळ्यांवर. काठीनं पायरी सांगितली तरी नजर म्हणते सपाट आहे, आणि ती नजरेचं ऐकते. शिकताना पट्टी बांधली की नजरेचा आवाज बंद होतो आणि मग काठीचं ऐकण्यावाचून इलाज राहत नाही. दोन-तीन महिन्यांनी पट्टी काढल्यावर ती उरलेली दृष्टी वापरतेच, पण कधी वापरायची आणि कधी नाही हे आता तिला ठरवता येतं.

याच्या उलट मत असणारे शिक्षकही आहेत. उरलेली दृष्टी हेच भांडवल, तिलाच भिंग, उजेड, ठळक रंगभेद यांनी धार लावावी, असं ते म्हणतात. वाचनाच्या बाबतीत मला ते बरंचसं पटतं. रस्त्याच्या बाबतीत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. पाहुण्या डोळस मंडळींना तासभर पट्टी बांधून 'अंधत्वाचा अनुभव' देण्याचे जे कार्यक्रम होतात, त्याच्याशी या पट्टीचा काही संबंध नाही. त्या तासाभरात माणसाला फक्त पहिल्या तासाची भीती कळते. पोहायला न येणाऱ्याला पाण्यात ढकलून पोहणं कसं असतं ते समजत नाही.

काठी किती लांब हवी? घडीची चालेल का?

जुना हिशोब छातीच्या मध्यभागापर्यंतचा. हल्ली बरेच शिक्षक हनुवटीपर्यंत किंवा नाकापर्यंतची देतात, मीही देतो. काठी जितकी लांब तितकी खबर आधी मिळते, आणि झपाझप चालणाऱ्याला ती आधी मिळायलाच हवी. आखूड काठीनं चालणारा माणूस आपोआप वाकतो आणि सावकाश चालतो. मग लोक म्हणतात, अंध माणसं अशीच चालतात.

काठी पांढरी का, याचं श्रेय इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांना देतात. अपघातात दृष्टी गेल्यावर वाहनवाल्यांना आपण दिसावं म्हणून त्यांनी १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली. पण ती काठी दुसऱ्यांना दिसण्यासाठी होती. आपल्याला वाट कळण्यासाठी काठी वापरायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात बसली. रिचर्ड हूव्हर यांनी दृष्टी गमावलेल्या सैनिकांना लांब, हलकी काठी दिली आणि ती खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त कमानीत फिरवायला शिकवलं. डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे, उजवा पाय पुढे तेव्हा टोक डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. सांगायला एक वाक्य लागतं, अंगवळणी पडायला काही आठवडे.

घडीची काठी पिशवीत जाते ही सोय आहे, आणि तोच तिचा तोटाही. लाजणारा विद्यार्थी ती पिशवीतच ठेवतो. सुरुवातीला आम्ही सरळ, न मोडणारीच देतो.

काठीला एक गोष्ट कळत नाही: कमरेच्या वरचं. लोंबकळणारी फांदी, उघडी खिडकी, ट्रकचा मागचा फळका. यासाठी एक हात चेहऱ्यासमोर आडवा धरायला शिकवतो, पण दिवसभर कुणी तसं चालत नाही. कपाळाला एखाददुसरी खोक प्रत्येकाच्या असते. माझ्याही आहे, आणि मला दिसतं.

आंधळ्या माणसानं वाहतुकीचा रस्ता एकट्यानं ओलांडणं सुरक्षित आहे का?

शिकलेल्यानं ओलांडणं बरंच सुरक्षित आहे. न शिकलेल्यानं नाही, मग तो डोळस का असेना.

सिग्नलचा चौक कानांना वाचता येतो. आपल्या समोरून आडवी जाणारी वाहनं थांबली आणि आपल्या बाजूनं, आपल्याच दिशेला जाणारी वाहनं एकदम उसळून निघाली की आपलं चालणं सुरू. त्यांचा आवाज खांद्याला समांतर ठेवला की आपण तिरके जात नाही. विद्यार्थी आधी दहा-दहा मिनिटं नुसते उभे राहून ऐकतात. किती रांगा आहेत, वळणारी वाहनं कुठून येतात, सिग्नलचा फेरा किती वेळाचा आहे. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात न सांगता बरोबर क्षणी त्यांचा पाय हलायला लागतो, पण आम्ही अजून ओलांडू देत नाही.

गोल चौक सर्वांत वाईट. तिथे कुणी थांबतच नाही, त्यामुळे ऐकण्यासारखी लय नसते. अशा ठिकाणी वळसा घालून दुसरीकडून ओलांडणं किंवा सरळ मदत मागणं हेच शहाणपण, आणि तेही शिकवावं लागतं.

विजेवरच्या गाड्यांनी नवीच पंचाईत केली, कारण हळू चालताना त्यांचा आवाजच येत नाही. अंध संघटनांनी ही तक्रार लावून धरली. युरोपीय संघात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करणं सक्तीचं आहे. वेग त्याहून वाढला की टायरचाच आवाज पुरतो.

पदपथावरच्या उठावदार पिवळ्या फरशा बहुतेकांनी पाहिल्या असतील. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. हे दोन प्रकार उलटसुलट बसवलेले मी जितके पाहिलेत तितकं दुसरं कुठलंच बांधकाम चुकलेलं पाहिलं नाही. कधीकधी पट्टी नीट नेऊन खांबावर सोडते.

आणि हरवला तर?

हरवणारच. खरं तर आम्ही मुद्दाम हरवू देतो.

आधी इमारतीच्या आत, मग आवाराभोवती, मग चौकापर्यंत, मग बसनं. प्रत्येक टप्प्यावर शिक्षक थोडा आणखी मागे राहतो आणि थोडा आणखी गप्प. गप्प राहणं हा माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. विद्यार्थी चुकीच्या गल्लीत शिरताना दिसतो आणि तोंडून शब्द निघू द्यायचा नसतो. धोका असेल तर अर्थातच ओरडतो. पण चुकीची गल्ली हा धोका नव्हे.

कारण हरवलेला माणूस जे शिकतो ते बरोबर वाटेवर चालणारा शिकत नाही. तो थांबतो. ऊन कुठल्या गालावर आहे ते पाहतो. सकाळ असेल तर ऊन येतं ती पूर्व. मोठ्या रस्त्याची घरघर कुठून येतेय? पायाखाली उतार आहे का, मघाशी होता का? शेवटचं ओळखीचं ठिकाण कोणतं? मग परत तिथपर्यंत जातो किंवा कुणाला तरी विचारतो. विचारायचं कसं हेही कसब आहे. "मला पोहोचवता का?" असं नाही, "बस थांबा माझ्या कुठल्या हाताला आहे?" असं.

एक मुलगा बसमधून उतरून उजवीऐवजी डावीकडे वळला. मी रस्त्याच्या पलीकडून पाहत होतो. पंधरा मिनिटांनी त्याला शंका आली, तो थांबला, ऐकायला लागला. तेवढ्यात एका भल्या गृहस्थानं त्याचा दंड धरून त्याला सन्मानानं रस्ता ओलांडून दिला. त्याला ओलांडायचाच नव्हता. गृहस्थ गेल्यावर तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग स्वतःशीच हसला आणि परत ओलांडून पलीकडे गेला. केंद्रात पोहोचायला त्याला पाऊण तास जास्त लागला. त्या रात्री जेवताना तो एकटाच बोलत होता, बाकी सगळे ऐकत होते.

काही केंद्रांत शेवटची परीक्षाच अशी असते. विद्यार्थ्याला गाडीत बसवून, चार वळणं उगाच घेऊन, अनोळखी जागी सोडतात. फोनवरचा नकाशा वापरायचा नाही आणि रस्त्यात एकालाच एकच प्रश्न विचारायचा. तेवढ्यावर परत यायचं.

घरच्यांना ही परीक्षा निर्दय वाटते. मला तीत सगळ्यात मोठा भरवसा दिसतो. दृष्टिहीन मुलाला आयुष्यभर कुणी ना कुणी पोहोचवलेलं असतं, म्हणून चुकण्याचीसुद्धा त्याला कधी मोकळीक मिळालेली नसते.

मार्गदर्शक कुत्रा घेतला तर काठीची गरज संपते का?

नाही. कुत्र्याला सिग्नल कळत नाही आणि तुम्हाला कुठे जायचंय तेही कळत नाही. वाट ठरवायची माणसानं, अडथळा चुकवायचा कुत्र्यानं. म्हणून कुत्रा देणाऱ्या संस्था आधी काठीनं चालता येतं का ते पाहतात. अशा कुत्र्यांची पहिली शाळा १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग इथे निघाली, तीही युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठीच.

स्वयंपाक? भाजून घेतलं तर?

घेईल कधीतरी. तुम्हीही घेतलं असेलच.

सुरुवात गार स्वयंपाकघरात होते. शेगडी बंद असताना भांडं बर्नरवर मध्यभागी बसवायचं, कडेनं बोट फिरवून ते सगळीकडून सारखं आलंय का पाहायचं आणि मग पेटवायचं. उतरवताना आधी विस्तव बंद, मग हात. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, ओढणी खोचलेली. सुरीची जागा ठरलेली, टोक पलीकडे. चिरताना धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवलेली, म्हणजे पातं पेरांना टेकून खाली येतं आणि नखांपर्यंत पोहोचत नाही. व्यावसायिक आचारी असंच चिरतात, आणि तेही बघून चिरत नाहीत.

तेल तापलंय का हे कसं कळतं, असं सगळे विचारतात. वासानं, हाताच्या तळव्याला वरून लागणाऱ्या झळेनं आणि त्यात चिमूटभर काही टाकल्यावर येणाऱ्या आवाजानं. पाणी उकळायला लागलं की भांड्याला टेकवलेल्या लाकडी चमच्यातून थरथर हाताला जाणवते. गार पाणी ओतताना पेल्याच्या कडेवरून बोट आत सोडलं की पुरतं. गरम ओतताना कडेला अडकवायचं छोटं यंत्र मिळतं, पातळी आली की ते किणकिणतं. पण मुरलेली माणसं ते यंत्र खणातच ठेवतात, कारण पेला भरत आला की ओतण्याचा आवाज चढत जातो. घरी नळाखाली करून पाहा.

शेवटी काही ठिकाणी तीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक एका विद्यार्थ्याकडे सोपवतात. बेत ठरवणं, यादी, खरेदी, रांधणं, वाढणं, सगळं. भाजण्याची भीती तोवर मागे पडलेली असते, आता मीठ बरोबर पडलं का याची असते.

फोन सगळं वाचून दाखवतो. मग ब्रेल कशाला?

'दिन' आणि 'दीन' फोनकडून ऐकून पाहा. कानाला फरक कळणार नाही. नुसतं ऐकत वाढलेल्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ ठाऊकच नसतं, कारण त्यानं शब्द कधी 'पाहिलेला' नसतो. ब्रेलमध्ये इ आणि ई यांचे ठिपके वेगळे आहेत, बोटाखाली ते वेगळे लागतात. स्वल्पविराम कुठे, परिच्छेद कुठे संपला, नाव कसं लिहितात, हे सगळं वाचणाऱ्यालाच कळतं. ऐकणं हे वाचण्याच्या जोडीला हवं, त्याच्या बदल्यात नको.

एका चौकटीत सहा ठिपके, त्यांच्या ६३ जुळण्या. पॅरिसच्या अंधशाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेल यांनी पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, याचा आराखडा तयार केला. त्याआधी शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची लिपी होती, पण तिची चौकट बोटाच्या एका टोकाखाली मावत नसे. सहा ठिपके मावतात. सगळी करामत त्यात आहे.

मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल, वापरतात आणि तिची एक गंमत मला फार आवडते. आपण 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी काढतो, जरी ती नंतर उच्चारली तरी. ब्रेलमध्ये आधी क, मग इ. जसं बोलतो तसं. शिवाय क, म, र, ल यांचे ठिपके इंग्रजीच्या के, एम, आर, एल यांचेच आहेत, त्यामुळे एक लिपी शिकलेल्याला दुसरी अर्धी आलेलीच असते.

ब्रेलची पाटी आणि स्टायलस, म्हणजे टोचणी, यांनी लिहिताना कागदाच्या मागून टोचायचं असतं, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि अक्षर आरशातलं. मोठेपणी शिकणारे इथे वैतागतात. ब्रेलर, म्हणजे सहा कळांचा ब्रेल टाइपरायटर, त्यावर ती कटकट नाही, पण ब्रेलर खिशात मावत नाही. दुकानात, फोनवर बोलताना, झटकन नंबर टिपून घ्यायला पाटीच लागते.

गणिताचं काय? मुलांना गणित सोडायला सांगतात ते बरोबर आहे का?

बरोबर नाही, आणि असा सल्ला देणाऱ्यांनी टेलर फ्रेम, म्हणजे अंधांची गणिताची पाटी, हातात घेतलेली नसते. तिच्यात आठ कोनांची भोकं असतात आणि चौकोनी खिळा. खिळा आठ दिशांनी बसतो, त्याची दोन टोकं वेगळी, म्हणजे सोळा चिन्हं. अंक आणि बेरीज-वजाबाकीच्या खुणा त्यात येतात. वेगानं हिशोब करायला अबॅकस. भूमितीला रबराच्या गादीवर प्लास्टिकचा कागद ठेवून पेनानं ओढलं की रेघ वर उठते. गणिताच्या चिन्हांची ब्रेल पद्धत ज्यांनी रचली ते अब्राहम नेमेथ स्वतः अंध होते आणि गणिताचे प्राध्यापक होते.

परीक्षेत लेखनिकाला उत्तर सांगायचं कसं, हे मात्र वेगळं शिकवावं लागतं. कंस कुठे उघडला हे तोंडानं सांगणं सोपं नाही.

कॉम्प्युटर आणि फोन कसे वापरतात?

स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरचं बोलून दाखवतो. त्यातला एनव्हीडीए फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, कारण तोवरचे चांगले प्रोग्रॅम महाग होते. माउस लागत नाही, सगळं कीबोर्डवरून. फोनवर एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. सराईत माणूस मिनिटाला तीनशेच्या वर शब्द ऐकतो. बाहेरच्याला ती भांडणारी चिमणी वाटते.

अडचण बहुतेकदा विद्यार्थ्याची नसते. बटणांना नावंच न देणारी ॲप्स उघडली की फोन म्हणतो, "बटण. बटण. बटण." यातलं पैसे पाठवायचं कुठलं?

खेळ असतात का, की नुसतं संगीत?

संगीत ज्याला आवडतं त्यानं शिकावं. पण अंध म्हटलं की पेटी पुढे सरकवायची, या सवयीचा मला कंटाळा आहे.

गोलबॉल पाहायला या. दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये निघालेला हा खेळ पॅरालिम्पिकमध्येही आहे. १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद मैदान, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, आणि गोल मैदानाच्या पूर्ण रुंदीचा. सव्वा किलोचा चेंडू, त्यात घंटा. चेंडू जमिनीवरून सुसाट येतो आणि खेळाडू आडवे झेपावून अंगानं अडवतात. रेघांच्या चिकटपट्टीखाली दोरी असते, म्हणजे आपण कुठे आहोत ते हातापायाला कळतं. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा एका पातळीवर. प्रेक्षकांनी गप्प बसायचं. टाळी गोल झाल्यावरच.

पाच जणांच्या फुटबॉलमध्ये गोलरक्षक डोळस चालतो. चेंडूवाल्याच्या अंगावर जाण्याआधी 'वॉय' असं ओरडावं लागतं, स्पॅनिशमध्ये 'मी येतोय'. न ओरडता गेलात तर फाउल. क्रिकेटचा चेंडू खुळखुळतो आणि हात खाली ठेवून टाकतात.

बुद्धिबळाला दोन पट लागतात, प्रत्येकाचा आपला. काळी घरं उंच, काळ्या मोहऱ्यांना खूण, आणि प्रत्येक घराला भोक म्हणजे चाचपताना मोहरी पडत नाही. चाल मोठ्यानं सांगायची. हात लावलेली मोहरी चालवायची हा नियम इथे कसा पाळणार? मोहरी भोकातून उचलली की 'हात लावला' असं धरतात. डोळस खेळाडूही यात बिनधास्त खेळू शकतो आणि बहुधा हरतो.

धावताना जोडीदाराबरोबर हातात छोटी दोरी. दोन सीटची सायकल. डोंगर चढणं. एरिक वाइहेनमायर या अंध गिर्यारोहकानं २५ मे २००१ रोजी एव्हरेस्ट सर केलं. पण हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना जपून सांगतो, कारण मग लोकांना प्रत्येक अंध मुलाकडून एव्हरेस्टच हवं असतं. त्याला बँकेत एकट्यानं जायचं असतं.

अंधांना जास्त ऐकू येतं, हे खरं का?

कान तेच असतात, लक्ष वेगळं असतं. भिंत जवळ आली की चेहऱ्याला काहीतरी जाणवतं, असं पूर्वी अंध लोकच सांगत आणि त्याला चेहऱ्याची दृष्टी म्हणत. कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांनी १९४४ मध्ये दाखवलं की हे काम चेहरा करत नाही, कान करतात. पावलांचा आवाज भिंतीवरून परततो. ही सवय डोळसालाही लागू शकते, फक्त त्याला गरज नसते.

कपड्यांचे रंग, नोटा, औषधं?

रंगांसाठी आतल्या पट्टीवर गाठी किंवा बटणं. मोज्यांची जोडी धुवायला टाकण्याआधीच पिनेनं जोडायची. नोटा वेगवेगळ्या घडीच्या, पाकिटात ठेवण्याआधीच घडी घालायची, नंतर नाही. औषधाच्या बाटल्यांना रबर, सकाळचं एक, रात्रीची दोन. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, आणि ती त्याची असावी. आईनं लावून दिलेलं कपाट आई घरात असेपर्यंतच उपयोगी.

'बघ', 'पाहिलं' असे शब्द त्याच्यासमोर टाळावेत का?

मुळीच नाही. तोही म्हणतो, "काल मॅच बघितली."

शिक्षक स्वतः अंध असतात का?

बऱ्याच केंद्रांत असतात, मोबिलिटीलाही. विद्यार्थी मागे कुठे राहिला हे त्याच्या काठीच्या आवाजावरून कळतं. आमच्याकडच्या ब्रेलच्या बाई जन्मांध आहेत. वर्गात कोण झोपलंय हे त्यांना माझ्याआधी कळतं.

सुट्टीत घरी आला की सगळं विसरून परत बसून राहतो. का?

तो विसरत नाही. घरात त्याच्यासाठी काम उरलेलं नसतं. ताट हातात येतं, कपडे इस्त्री होऊन येतात, दुकानात धाकटा भाऊ जातो. एक काम पूर्णपणे त्याच्यावर सोडा, असं काम की तो न करेल तर घराचं अडेल. आणि मग अडू द्या. सामान हलवलंत तर सांगा. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद ठेवा, अर्धवट दारानं कपाळमोक्ष होतो.

रस्त्यात अंध माणूस दिसला तर मदत कशी करावी?

आधी विचारा. नाही म्हणाला तर जा, राग मानू नका. हो म्हणाला तर तुमचं कोपर पुढे करा, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. त्याचा दंड धरून ढकलू नका, काठी तर कधीच धरू नका. "इकडे, तिकडे" याचा त्याला उपयोग नाही. "डावीकडे, चार पावलांवर, दोन पायऱ्या खाली" याचा आहे. आणि निघताना "मी निघतो" म्हणा, नाहीतर तो तुमच्याशी बोलत राहतो.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

पातळ तळव्याचे बूट, पायाला जमीन कळेल असे. टोपी किंवा पुढे आलेली कड असलेलं काही, फांद्यांसाठी. काठी असेल तर आणा, बहुधा आम्ही बदलूच. कपड्यांवर नाव घालायचं असेल तर विद्यार्थ्यानंच घालावं.

सोडायला आलेल्यांनी फाटकापर्यंत यावं. तिथून कार्यालय साठ-सत्तर पावलांवर आहे, वाट सरळ, मध्ये एकच पायरी. त्या पायरीबद्दल आम्ही आधी सांगत नाही.